गोलाच्या बाई

बाईंना कोपऱ्यांचा राग होता. हे मी गमतीनं म्हणत नाही. नगरला आमच्या संस्थेच्या ऑफिसात कुणा देणगीदाराच्या घरून आलेलं एक शिसवी टेबल होतं, चांगलं भक्कम. बाईंनी सुतार बोलावून त्याचे चारही कोपरे कापायला सांगितले. सुतार म्हणाला, "बाई, पाय कोपऱ्यातच हायेत. कोपरा गेला तर टेबल उभं ऱ्हानार कशावर?" बाई म्हणाल्या, "हा तुमचा जुना विचार आहे." मग नव्या विचारानं टेबल कापलं गेलं, पाय आतल्या बाजूला ठोकले गेले, आणि त्यानंतर त्या टेबलावर एका बाजूनं कुणी कोपर टेकलं की दुसऱ्या बाजूची शाईची दौत निवांत घरंगळत खाली यायची. फरशीवरचे निळे डाग मी नोकरी सोडली तेव्हाही तिथेच होते.

"माणूस कोपऱ्यात गेला की दबतो," असं बाई म्हणायच्या. आणि त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य म्हणजे, "वर्तुळाला डोकं नसतं." हे त्या दिवसातून चार वेळा, डोळे मिटून, प्रसाद वाटावा तसं बोलायच्या. आमचे जीपचे ड्रायव्हर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, ते पाथर्डीकडचे होते. बाईंचं हे वाक्य ऐकलं की ते स्टिअरिंगकडे बघून मान हलवायचे आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायचे, "दिसतंय की."

मामांचाही छळ कमी नव्हता. जीप मागे घ्यायची नाही, असा बाईंचा दंडक होता. मागे जाणं म्हणजे माघार. म्हणून गाडी वळवायची तर पूर्ण गोल मारून. अरुंद गाडीवाटेवर मामा कुणाच्या तरी शेतात गाडी घालून, बांध ओलांडून, शेतमालकाच्या शिव्या खाऊन गोल पूर्ण करायचे. बाई मागे बसून समाधानानं म्हणायच्या, "बघा, किती सहज झालं."

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. संगमनेरच्या कॉलेजातून नुकती बी. ए. झालेली, आणि समाजाचं काही भलं करावं असं मनापासून वाटणारी. साल एकाहत्तर. पाऊस दोन वर्षांपासून दगा देत होता आणि पाथर्डीकडची माळरानं बघवत नव्हती. बाईंची पन्नाशी उलटलेली. नगरच्या एका बड्या वकिलाच्या त्या एकुलत्या एक कन्या, लग्न केलेलं नाही, सुती पांढरी साडी, पायात कॅन्व्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. ही शिट्टी कशासाठी, असं मी पहिल्या दिवशी विचारलं. म्हणाल्या, "स्त्रियांना मोकळं करायचं तर आधी शिस्त हवी."

आता वर्तुळाबद्दल सांगायला हवं, कारण बाई म्हणजे वर्तुळ. त्या कुठल्याशा थंड देशात सहा आठवड्यांच्या शिक्षणाला जाऊन आल्या होत्या. तिथे बायका गोल बसायच्या आणि एक काठी हातोहात फिरवायच्या. जिच्या हातात काठी, तिनं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. एवढंच. चांगली गोष्ट होती, मी नाही म्हणत नाही. पण बाई परत आल्या त्या जणू चाकाचा शोध आपणच लावल्यासारख्या.

काठी आपल्याकडे चालणार नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं. आपल्याकडे बाईला काठी दाखवली की ती आधी पाठ वळवते. म्हणून काठीच्या जागी बाईंनी पितळेचा तांब्या आणला. आणि तो काठोकाठ पाण्यानं भरायचा. भरल्या तांब्यानं मन स्थिर राहतं, आणि हात भरून आला की भाषणही आटोपतं घेतलं जातं, अशी त्यांची दुहेरी योजना. एवढ्या हुशारीवर त्यांनी स्वतःच स्वतःचं अभिनंदन केलं. खेड्यात कुणाला एका शब्दानं विचारलं मात्र नाही.

नियम ठरलेले. तांब्या हातात असेल तिनंच बोलायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, उपाय तर मुळीच सुचवायचा नाही. तिचं बोलून झालं की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "ऐकलं." मग तांब्या पुढे. वर्तुळात बोललेलं वर्तुळाबाहेर न्यायचं नाही. आणि बाईंनी आणि मी तांब्या हातात घ्यायचा नाही, कारण "चालकानं रिकामं राहायचं असतं." बाईंनी हा शेवटचा नियम अगदी मनापासून पाळला.

आणखी एक. "वर्तुळात कुणी वर नाही, कुणी खाली नाही," असं सांगून बाई स्वतः चौरंगावर बसायच्या. गुडघे दुखतात म्हणून. पंधरा बाया मातीत, आणि त्यांच्यात एक हातभर उंच बाई. चौरंगाला चार कोपरे असतात हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. गावकुसाबाहेरच्या बायांचं वर्तुळ त्या महिन्यातून एकदा वेगळं घ्यायच्या, त्यांचा तांब्याही वेगळा. अहवालात लिहायच्या, "सर्वांना मोकळे वाटावे म्हणून." तो अहवाल माझ्याच अक्षरात आहे.

पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात आम्ही पहिल्यांदा गेलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. शाळेच्या पटांगणात लिंबाखाली मी काथ्याची दोरी गोल अंथरली. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी, एकेका गाठीवर एकेक बाई. गावातल्या बायांमध्ये गयाबाईंचा शब्द चालायचा. साठीची, काटक, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी दोरीकडे नीट पाहिलं आणि सरळ जाऊन मधोमध बसल्या.

बाईंनी शिट्टी मारली. "मध्ये कुणी बसायचं नाही."

"मग मधली जागा कुनासाठी ठिवली?" गयाबाई म्हणाल्या. "कोन येनार हाय?"

"कुणी नाही. ती रिकामी असते."

"येवढी जागा रिकामी, अन् आमी कडंला व्हय?"

शेवटी त्या उठल्या, पण काय खुळचट बाई आहे अशा चेहऱ्यानं. मग दुसरी अडचण आली. सुना गाठीवर बसेनात. सासूच्या नजरेसमोर तोंड करून बसायची रीत नव्हती. सून बसली तर सासूच्या पाठीमागे, पदर पुढे ओढून. वर्तुळात मागे असं काही नसतंच. गयाबाईंची सून सोजर, तीस-बत्तीशीची असेल, बराच वेळ दोरी हातात धरून नुसती उभी राहिली. बाईंनी तिला खांद्याला धरून गयाबाईंच्या अगदी समोरच्या गाठीवर बसवलं. "आता एकमेकींकडे बघा," म्हणाल्या. सोजरनं दोरीच्या गाठीकडे बघितलं. गयाबाईंनी लिंबाच्या शेंड्याकडे.

त्यानंतर दर पंधरवड्याला आम्ही जायचो, आणि दर पंधरवड्याला वर्तुळात जे चालायचं ते असं.

"आज हुलग्याचं माडगं केलं."

"ऐकलं."

"आमची शेळी व्याली. दोन करडं."

"ऐकलं."

"म्या बी माडगंच केलं."

"ऐकलं."

पंधराच्या पंधरा जणी. सहा-सात महिने. तांब्या यायच्या आधी याच बाया जोरजोरात भांडत, खिदळत, नवऱ्यांच्या नकला करत असायच्या. मी दोरी अंथरायला लवकर पोचायची तेव्हा ऐकायची ना! कुणाच्या नवऱ्यानं कुणाला मारलं, कुणाला दिवस गेले, कुणाची कोण टेहळणी करतं, सगळं सगळं. बाईंनी शिट्टी मारून तांब्या हातात दिला की गाव गप्प. नुसतं माडगं आणि शेळी. आणि चौरंगावरच्या बाई डोळे मिटून डोलायच्या. अहवालात वाक्य यायचं, "स्त्रिया दैनंदिन अनुभवांतून हळूहळू व्यक्त होऊ लागल्या आहेत."

एकदा मी तांब्या भरायला आडावर गेले. सोजर पाणी शेंदत होती. मी तिला विचारलंच. "एरवी तुम्ही एवढ्या बोलता, मग तांब्या हातात आला की जेवणाचंच का सांगता?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू दूधपित्या पोरीनं काही विचारलं.

"ताई, पानी हातात घेऊन खोटं कसं बोलायचं? अन् खरं बोललं तर घरी कसं जायाचं? कालवन खरं असतं. त्यानं कुनाचं वाईट होत न्हाई."

मला कळेना. मग तिनं समजावून सांगितलं. भरला तांब्या हातात धरून जे बोलायचं ती आन असते. शपथ. जमिनीची भांडणं अशीच मिटवतात, सोयरिकी अशाच ठरतात. बोललेली मोडली तर मोडणाऱ्याचं घर बसतं. "अन् ज्यानं ऐकली त्याला बी सुटका न्हाई. ऐकलं म्हनला, अन् मग मोडताना गप बसला, तर त्याला बी लागती. तुमची बाई तर सगळ्यांकडनं म्हनून घेती!"

"मग तुम्ही बाईंना सांगत का नाही?"

"आता काय सांगायचं," सोजर हसली. "लई हौसेनं येत्यात बिचाऱ्या. तुमी बी नका सांगू."

मी सांगितलं नाही. सोजरनं नको म्हटलं म्हणून नाही, हे कबूल करते. मला मजा येत होती म्हणून. जगाचं शहाणपण घेऊन आलेल्या बाई दर पंधरवड्याला गावच्या बायांना शपथेवर बसवतात आणि त्या बिचाऱ्या शपथेवर माडग्याचं खरं सांगतात, हे मला आणि मामांना हसायला वर्षभर पुरलं असतं. तांब्या नुसता रिकामा धरला असता तरी बाया मोकळेपणानं बोलल्या असत्या. एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य गिळून बसले आणि माझ्या हुशारीवर खूश राहिले.

वर्तुळाचं हे खूळ बाई कुठेही काढायच्या. एकदा तालुक्याचे एक अधिकारी भेटीला आले. बाईंनी त्यांना पॅन्टसकट सतरंजीवर गोलात बसवलं आणि हातात तांब्या दिला. त्या गृहस्थांना आयुष्यात पहिल्यांदाच असे श्रोते मिळाले की जे मध्ये बोलूच शकत नाहीत. ते पाऊण तास बोलले. शाळेतल्या बक्षिसापासून सुरुवात केली. मध्ये बाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि स्वतःच्याच नियमानं मिटलं. शेवटी आम्ही सगळ्यांनी "ऐकलं" म्हटलं तेव्हा त्यांना गहिवरून आलं. बाई मला नंतर म्हणाल्या, "बघितलंस, पुरुषही किती कोंडलेला असतो!"

तोवर सगळं असं हसण्यावारी नेण्यासारखं चाललं होतं.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि गावात ऊसतोडीला जायची लगबग सुरू झाली. तुळशीचं लग्न लागलं की ट्रक यायचे. ऊसतोडीला एकटा माणूस जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या. एकट्याला मुकादम घेत नाही. मुकादमाच्या पुतण्याची बायको उन्हाळ्यात वारली होती. वय पंचवीस-सव्वीस. ट्रक निघायच्या आत त्याला दुसरी बायको हवी होती, म्हणजे अर्धा कोयता पुरा झाला असता. त्यांनी सोजरच्या मंदाला मागणी घातली. मंदा तेराची होती. सातवीत. माझ्याकडून दोरीच्या गाठी मोजायला घ्यायची आणि एक गाठ जास्तच आहे म्हणून वाद घालायची, अशी पोर. त्यांनी तिची उंची बघितली. वय कुणी विचारलं नाही. सोजरच्या नवऱ्यानं होकार दिला. गयाबाईंनीही दिला. तुळशीच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी लग्न ठरलं. सोजरला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं काही आहे असं तिच्या घरात कुणाला वाटलंही नाही.

त्याच आठवड्यात आमचं वर्तुळ होतं. माडगं झालं, शेळी झाली. तांब्या सोजरकडे आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. पाणी तिच्या मांडीवर सांडत होतं. समोर गयाबाई.

"माझी मंदा म्या देनार न्हाई," सोजर म्हणाली. "ती शाळंत जाईल, न्हाईतर घरात बसंल. पर कोयत्याला म्या पोर देनार न्हाई."

मला माहीत होतं ती काय करून बसली आहे. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. "ऐकलं" कुणी म्हणेना. म्हटलं की बांधलं गेलं. गयाबाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता. एकजण उठायला लागली.

बाईंनी शिट्टी मारली. "बसा. आणि म्हणा. म्हणायचं असतं ना? विसरलात?"

बायांनी पदर आणखी पुढे ओढले.

"नियम म्हणजे नियम," बाई म्हणाल्या आणि पेन्सिल एकेकीकडे रोखत फिरल्या. "तू. तू. हं, तू."

एकेक बाई खाली मान घालून म्हणत गेली. ऐकलं. ऐकलं. कुणाचा आवाज निघाला, कुणाचे नुसते ओठ हलले. बाईंनी ओठ हलवणाऱ्यांकडून पुन्हा मोठ्यानं म्हणवून घेतलं. तेरा झाल्या.

"गयाबाई, तुम्ही म्हणाला नाहीत."

गयाबाईंनी बाईंकडे पाहिलं. असा तिरस्कार मी आयुष्यात पुन्हा कुणाच्या डोळ्यांत पाहिला नाही.

"ऐकलं," त्या म्हणाल्या.

"छान. पुढे," बाई म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं, "एका स्त्रीने कौटुंबिक विषय मांडला."

आम्ही निघालो तेव्हा सोजर धावत जीपपाशी आली. तिच्या लुगड्याचा पुढचा भाग ओलाच होता.

"बाई, तुमी आता घरी चला. घटकाभर बसा नुसत्या. तुमच्या म्होरं मालक हात उचलनार न्हाईत."

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "सोजर, वर्तुळात बोललेलं वर्तुळातच राहतं. मी घरी आले तर तो विश्वास तुटेल."

"मग म्या काय करू?"

"तू बोललीस ना? आता मोकळं वाटतंय ना? तेच महत्त्वाचं."

सोजरनं माझ्याकडे बघितलं. मी मागच्या सीटवर दोरी गुंडाळत होते. मी एक गाठ सोडवायला घेतली, जी सोडवायची गरज नव्हती. मामांनी गोल मारून जीप वळवली.

पुढचं मला सोजरनंच नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी नवऱ्यानं तिला मारलं. लग्न ठरल्याप्रमाणे होणारच होतं. पण हळद लावायला पाच सवाष्णी लागतात, आणि एकही आली नाही. नवरा भावकीत दारोदार फिरला, पण तिथल्या सगळ्याच सवाष्णी आमच्या वर्तुळातल्या. प्रत्येक घरात एकच उत्तर, "आमी ऐकलंय." कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, कुणी मंदाची बाजू मांडली नाही. नुसतं तेवढंच. दोघी-तिघींच्या नवऱ्यांनी त्यांनाही बडवून काढलं. पण बायकोला मारता येतं, तिचा हात धरून दुसऱ्याच्या पोरीला हळद लावता येत नाही. वऱ्हाड दारात आलं तेव्हा गयाबाई उंबऱ्यात बसल्या आणि लेकाला म्हणाल्या, "सुनंनं पानी हातात घेतलं. अन् म्या त्या शिट्टीवालीम्होरं ऐकलं म्हनले. आता पोर उभी करायची तर आदी माझी तिरडी बांध, मंग कर."

वऱ्हाड परत गेलं. मुकादमाच्या पुतण्याला चार दिवसांत दुसऱ्या गावात मुलगी मिळाली. तिथं गोलाच्या बाई जात नव्हत्या.

म्हणजे काय झालं? बाईंच्या आंधळ्या नियमानं मंदा वाचली. त्यांनी शिट्टी मारून म्हणवून घेतलं नसतं तर त्या चौदा जणी गप्प बसल्या असत्या, आणि गयाबाई तर नक्कीच. हे श्रेय मी बाईंना द्यायला तयार आहे. न कळत केलेल्या कामाचं जेवढं श्रेय असतं तेवढं. अडचण अशी की बाईंना जास्त हवं होतं.

तोडीवरचे ट्रक परतले आणि वैशाखात नगरला बाईंचा सत्कार ठरला. मोठा हॉल, हार, पाहुणे. गावातल्या पंधरा बायांना एस.टी.नं बोलावलं होतं. स्टेजवर वर्तुळ करून दाखवायचं. त्या सकाळी ऑफिसात सगळ्यांसाठी पोहे केले होते. त्या कोपरे कापलेल्या टेबलाभोवती आम्ही खात होतो आणि बाई भाषण वाचून दाखवत होत्या. "मी सोजरचा हात धरला. मी तिच्या घरी गेले. तिच्या नवऱ्यासमोर संध्याकाळभर ठाण मांडून बसले, तो माझ्यावर धावून आला, मी जागची हलले नाही..."

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि बाहेर निघून गेले. मी कशीबशी म्हणाले, "बाई, आपण तर घरी गेलो नव्हतो."

"गोष्टीचा आत्मा बघायचा, गं."

तेव्हा मला काय झालं कोण जाणे, वर्षभर गिळलेलं ते वाक्य मी बोलून टाकलं. त्या भागात भरला तांब्या हातात धरून बोललं की ती शपथ असते. सगळं सांगितलं, माडग्यासकट. बाईंचा चमचा थांबला. मग म्हणाल्या, "अंधश्रद्धा आहे ती." आणि चमचा पुन्हा उचलला. पण पोहे संपवले नाहीत.

भाषण त्यांनी जसंच्या तसं केलं. माईकवर, रिकाम्या हातांनी. स्टेजच्या मागे बसलेल्या पंधरा बाया ऐकत होत्या. सोजरनं पदर तोंडावर धरला होता. टाळ्या खूप पडल्या. मग मी दोरी अंथरली, बाया गाठींवर बसल्या, बाई चौरंगावर, आणि त्यांच्या डाव्या हाताला मी. गयाबाईंच्या हातात भरला तांब्या दिला. त्यांनी सुरुवात करायची होती.

गयाबाई उठल्या. वर्तुळ ओलांडून सरळ मधून चालत आल्या, त्या रिकाम्या ठेवायच्या जागेतून, आणि तांब्या बाईंच्या हातात दिला.

"आज तुमच्यापासनं," म्हणाल्या. "मघाशी त्या भोंग्यात सांगितलं ना, आमच्या घरी आल्या हुत्या म्हनून? ते हे पानी हातात घेऊन सांगा."

हॉलमधल्या लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. कुणीतरी कौतुकानं हसलं. बाईंनी तांब्या धरला. पहिल्यांदाच. त्यांचे हात जड झालेले मला दिसत होते. अंधश्रद्धा म्हणणाऱ्या बाई. पाणी काठापर्यंत आलं होतं आणि हलत होतं. एकदा त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"आज सकाळी मी पोहे खाल्ले."

पंधरा बाया एका आवाजात म्हणाल्या, "ऐकलं."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. किती साधं, किती मोकळं, असं पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला जे वाटलं त्याला तिरस्काराशिवाय दुसरं नाव नाही. एवढी मोठी बाई, एवढे हार, आणि पोहे!

आणि तेवढ्यात बाईंनी तांब्या डावीकडे सरकवला. चालकानं रिकामं राहायचं असतं, पण तांब्या माझ्या मांडीवर येऊन टेकला होता. माझ्या अक्षरातले सगळे अहवाल, वर्षभर गिळलेलं ते एक वाक्य, जीपमध्ये सोडवत बसलेली ती गाठ, हे सगळं मला सांगता आलं असतं. सोजर समोरच होती. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, वाट बघत. त्या दिवशी जीपपाशी बघत होती तशीच.

माझ्या नोकरीचा विचार मनात आला, आणि पाणी फार जड लागलं.

"मीपण पोहेच खाल्ले," मी म्हणाले.

या वेळी सगळ्याजणी बोलल्या नाहीत. एकटी सोजर म्हणाली, "ऐकलं."